‘दोन रवले’ म्हटलं तर गणित चुकतं का?

पत्र, थोडक्यात: रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यातून एका सरांनी लिहिलं आहे. बारा वर्षं शाळेवर होते, गेली तीन वर्षं गणिताचे साधनव्यक्ती आहेत, पहिली ते पाचवीच्या शिक्षकांची प्रशिक्षणं घेतात. मागच्या महिन्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एका ज्येष्ठ बाईंनी मालवणी बोलीत भागाकाराचा नमुना पाठ सुरू केला: “बारा बांगडे हत. पाच पाचाचे वाटे घातले तर किती वाटे जातले, आणि किती रवतले?” (बारा बांगडे आहेत, किती वाटे होतील आणि किती राहतील?) सरांनी त्यांना मध्येच थांबवून दोन सुधारणा सांगितल्या. एक, ‘रवतले’ नको, ‘बाकी’ म्हणा. दोन, हा भागाकार नाही, ही पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी झाली. भागाकारासाठी ‘बारा लाडू, चार मुलं, प्रत्येकी किती’ असं उदाहरण घ्या. मागून कुणीतरी बाईंच्या बोलण्याची नक्कल केली आणि हशा पिकला. बाई खडू ठेवून जागेवर जाऊन बसल्या, त्या दिवसभर बोलल्या नाहीत. त्याच परिषदेत उर्दू शाळेच्या दोन शिक्षकांनी चाचणीचा कागद जवळजवळ कोरा दिला. सर विचारतात: “पुस्तक प्रमाण मराठीत, परीक्षा प्रमाण मराठीत. बोलीत गणिताची परिभाषा नाही. प्रशिक्षणात मीच भाषा सैल सोडली तर गणित पातळ होईल. बाईंचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही, पण माझं चुकलं असंही वाटत नाही. काय करू?”

सर,

तुमचं पत्र भाषेबद्दल आहे, पण मी सुरुवात गणितापासून करते. कारण बाईंचं गणित बरोबर होतं.

भागाकार दोन तऱ्हांनी घडतो. एकात वाटेकरी ठरलेले असतात आणि प्रत्येकाला किती मिळेल ते काढायचं असतं. ते तुमचे लाडू. दुसऱ्यात वाट्याचा आकार ठरलेला असतो आणि असे वाटे किती होतील ते काढायचं असतं. ते बाईंचे बांगडे. मासळीच्या बाजारात बसलेली बाई रोज सकाळी हेच करते. गिऱ्हाईक किती येणार ते तिला ठाऊक नसतं. पाचाचा वाटा घालायचा एवढं ठरलेलं असतं. बारातून पाच काढले, पुन्हा पाच काढले, दोन राहिले. तुम्ही म्हणता ती पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी इथे आहेच, आणि तोच भागाकार आहे. पाटीवर आपण मोठा भागाकार मांडतो तेव्हा दुसरं काय करतो?

आता पुढची पायरी बघा. तुमच्या लाडवांवर पाचवीपर्यंतचं भागून होईल. मग एक दिवस ‘तीन भागिले अर्धा’ येतं. तीन लाडू अर्ध्या मुलाला कसे वाटायचे? तिथे शिक्षक हात टेकतात आणि “छेद वर घ्या, उलटा करून गुणा” असा मंत्र देऊन मोकळे होतात. बाईंच्या वाटेने गेलं तर मंत्र लागत नाही. तीन किलो सुकट आहे, अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भरा. सहा पिशव्या. कोकणातल्या कुठल्याही पोराला हे बोटांवर कळतं.

म्हणजे त्या दिवशी तुमच्या परिषदेत भागाकाराचं एक दुर्लक्षित रूप अगदी नेमक्या उदाहरणासह फळ्यापाशी आलं होतं आणि ते जागेवर परत पाठवलं गेलं. तुम्हाला गणित येत नाही असं मी म्हणत नाही. माझा अंदाज असा की तुमचा कान ‘हत’पाशी अडला. एकदा वाक्य गावठी ठरलं की त्यातलं गणितही कच्चं वाटू लागतं. हे तुमच्या एकट्याचं नाही. मी हे वीस वर्षं केलं आहे.

‘बाकी’ या शब्दाचंच घ्या. आपल्याला तो गणिताचा शब्द वाटतो. वाडीतल्या मुलाला बाकी म्हणजे दुकानदाराच्या वहीत लिहिलेली उधारी. “बाकी काय म्हणतंस?” मधली बाकी आणखी वेगळी. ‘बाकीचे खंय गेले?’ मधली तिसरीच. शिवाय ‘वजा’ आणि ‘बाकी’ दोन्ही मुळात अरबी, दफ्तरांतून आपल्याकडे आले आणि पुढे शाळेत जाऊन बसले. ‘रवले’ला असे फाटे नाहीत. राहिले ते रवले. भागाकारात शेवटी जे होतं ते पहिल्यांदा समजून घ्यायला याहून सरळ शब्द मला सुचत नाही. मुलाला ‘बाकी’ यायलाच हवी, त्याबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. ती कधी आणि कशी यावी, एवढाच मुद्दा आहे.

एक जुनी गोष्ट सांगते. मी सिंधुदुर्गातली. डी.एड.ला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विसाला ‘इस’ म्हटलं. सरांनी तीनदा म्हणायला लावलं, वर्ग हसला. पुढची दोन वर्षं मी गणिताच्या तासाला हात वर केला नाही. उत्तरं यायची, पण ती बोलून दाखवण्याआधी शब्द तपासायचे, तोवर दुसऱ्याचं उत्तर देऊन झालेलं असायचं. आणि गंमत बघा, शाळेवर रुजू झाल्यावर माझ्या वर्गात ‘इस’ म्हणणाऱ्या मुलांना मीही तीनदा म्हणायला लावत होते. प्रशिक्षणात आपण शिक्षकांशी जसं वागतो तसंच ते वर्गात जाऊन मुलांशी वागतात. मार्गदर्शिकेतलं पान विसरलं जातं, हे विसरलं जात नाही.

आता तुमचं दुसरं म्हणणं: बोलीत गणिताची परिभाषा नाही. खरंच? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट. औट म्हणजे साडेतीन, आणि त्याचा पाढा म्हणणारी माणसं आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत होती. किनाऱ्यावरच्या कुणाही जाणत्या खलाशाला विचारा, भरती किती वाजता भरेल? तो तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे थोडा मागेपुढे होतो. पण भरती दर दिवशी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, तेव्हा नियम का चालतो ते सहज दिसतं. हा अपूर्णांकाचा गुणाकार आहे आणि तो होडीवर चालतो. गवंडी पाया आखताना दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून काटकोन धरतो, हातात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, असला तरी. त्याच्या तोंडी ‘कर्ण’ हा शब्द नाही, पण गोष्ट त्याच्याकडे आहे.

अर्थात याचा उलटा अतिरेकही मी पाहिला आहे. बोलीचं प्रेम उतू जाऊन ‘छेद’, ‘समच्छेद’, ‘मसावि’ यांना ओढूनताणून मालवणी प्रतिशब्द घडवणारे उत्साही लोक भेटतात. तसले शब्द कुणाच्या घरात बोलले जात नाहीत, म्हणजे मुलाला शिकायला आणखी एक परकी भाषा झाली. जिथे बोलीकडे शब्द आहे तिथे तो वापरा. नाही तिथे पुस्तकातला शब्द वस्तू हातात देऊन शिकवा. आणि घाटावरून बदलून आलेल्या शिक्षकांवर मालवणीची सक्ती नको. बीडच्या सरांनी ‘माका’, ‘तुका’ करायला सुरुवात केली की मुलं खुसूखुसू हसतात. त्यांनी एवढंच विचारावं, “तुमच्याकडे याला काय म्हणतात रे?” मुलांना मास्तरांना शिकवायला फार आवडतं.

तिसरी गोष्ट, परीक्षा. ही तुमची खरी भीती आहे आणि ती रास्त आहे. पण परीक्षेची भाषा नुसती कानावर पडून येते हा समज तपासून बघा. हे उदाहरण तुमच्या शिक्षकांना द्या: ‘राजूकडे काही गोट्या होत्या. सायलीने त्याला ५ दिल्या. आता एकूण १२ झाल्या. आधी किती होत्या?’ कितीतरी मुलं सतरा लिहितात. का? कारण आपणच त्यांना शिकवलंय की ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी. अशी खुणेच्या शब्दांची यादी वर्गाच्या भिंतीवर लावलेली मी अनेक शाळांत पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी ती काढून टाकावीशी वाटली आहे. ‘८ पेक्षा ३ ने कमी’ आणि ‘८ पेक्षा कमी’ यांत एका ‘ने’चा फरक, पण एकाचं उत्तर ५ आणि दुसऱ्याची उत्तरं कितीतरी. हा ‘ने’ शिकवावा लागतो. घरात प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलालाही तो आपोआप येत नाही.

तुम्ही म्हणता तसं भाषा सैल सोडण्याचा प्रश्न इथे नाहीच. उलट आज आपण पुस्तकी भाषेकडे जेवढं लक्ष देतो त्याहून जास्त द्यायला हवं. फक्त ‘असं म्हणू नका’ म्हणणं म्हणजे लक्ष देणं नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुभाषिक वर्गांतल्या गणित शिक्षकांचा अभ्यास करणाऱ्या जिल ॲडलर यांनी ही ओढाताण नेमकी पकडली आहे: वर्गातली भाषा खिडकीच्या काचेसारखी हवी. एरवी तिच्यातून पलीकडचं गणित दिसावं, पण मधूनमधून काचेकडेच बघावं लागतं, ती पुसावी लागते. तुम्ही त्या दिवशी बाईंना काच पुसायला लावली, आणि पलीकडचा बाजार दिसायचा राहून गेला.

वर्गात हे कसं उतरतं ते सांगते. फळ्याच्या कडेला तीन खण पाडायचे: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, चिन्ह. पहिल्या खणात मुलं सांगतील ते सगळं, ‘रवले’, ‘उरले’, ‘शिल्लक’. दुसऱ्यात ‘बाकी’. हे खण पुसायचे नाहीत, महिनाभर राहू द्यायचे. आणि शाब्दिक उदाहरण सोडवायच्या आधी एका मुलाने ते वाचून पुस्तक मिटायचं आणि घरच्या भाषेत गोष्ट म्हणून सांगायचं. गोष्ट सांगता आली की क्रिया बहुतेक वेळा आपोआप सापडते. नाही सापडली तर निदान अडलंय कुठे ते शिक्षकाला कळतं: भाषेत की गणितात. मग त्याच मुलाने पुस्तकाच्या भाषेत उत्तराचं पूर्ण वाक्य लिहायचं. परीक्षेची तयारी त्या शेवटच्या वाक्यात होते.

संख्यांच्या नावांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’, त्रेसष्टला ‘साठ तीन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरं कठीण जातात आणि नाव ऐकताना एकक आधी येतो, लिहिताना दशक आधी, ही त्यांची अडचण खरी होती. ‘पस्तीस’ ऐकून ५३ लिहिणारं मूल प्रत्येक शाळेत सापडेल. लोकांनी विनोद केले, मराठी बुडाल्याच्या आरोळ्या ठोकल्या. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ हा शब्द जायला नको आहे. पण एक पूल म्हणून ‘साठ तीन’ला नाक मुरडणंही मला पटलं नाही.

आणि आता तुमच्या तालुक्यात बघा. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत ना? त्यांचं पोर एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतं. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. ज्या ‘वीस एक’वरून आपण भांडलो ते त्याच्या घरात रोज बोललं जातं. तुमच्या नोंदीत ते मूल ‘मराठी न येणारं’ असतं. स्थानिक किंमत शिकवायच्या दिवशी त्याला फळ्यापाशी बोलवा, त्याच्या भाषेत वीस ते तीस म्हणायला सांगा आणि बाकीच्यांना विचारा, याच्या बोलण्यात दशक कुठे ऐकू आला? आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराचं मूल असेल तर त्याचेही आकडे ऐका. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा अर्ध्या तासाचा खेळ घेऊन बघा, शिक्षकही चकित होतात.

उर्दू शाळेच्या त्या दोन शिक्षकांकडे वळते. कोरा कागद म्हणजे गणित येत नाही, असं तुम्ही पत्रात सरळ लिहिलं नाहीत, पण सूर तसा आहे. त्यांची परिस्थिती तिपेडी आहे. घरी बहुधा कोकणी बोलत असतील, तुमच्या-माझ्या बोलीची सख्खी बहीण. शाळेत उर्दू: जमा, तफ़रीक़, ज़र्ब, तक़सीम. आणि प्रशिक्षणाचा कागद प्रमाण मराठीत, त्यात आपली लाडकी आद्याक्षरं. माझ्या एका प्रशिक्षणात असे एक सर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हळूच म्हणाले, “मॅडम, हा लसावि कोण?” मी हसले, मग ओशाळले. संकल्पना त्यांना माझ्याइतकीच येत होती. नुसतं नाव अडलं होतं आणि ते विचारायला त्यांना तीन दिवस लागले. तुम्ही पुढच्या चाचणीच्या आधी दोघांपैकी एकाला फोन करा, दहा-बारा शब्दांचे उर्दू पर्याय विचारून घ्या आणि त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. चाचणी उर्दूत लिहिली तरी चालेल म्हणून आधीच सांगा. तपासायला त्यांच्याच केंद्रातला दुसरा शिक्षक मिळेल. आणि त्यांना दोघांना मागच्या बाकावर एकत्र बसू देऊ नका. वेगवेगळ्या गटांत बसवा, पण जोडीला असा माणूस द्या ज्याला ऐकायची सवय आहे.

सामावून घेणं म्हटलं की आपण बोलीवर थांबतो, म्हणून एक आडवळण. आपण गणित शिकवताना किती वेळा बोट दाखवून बोलतो ते एकदा मोजा. “हा इथून काढला, इकडे नेला, याच्यात मिळवला.” ज्या शिक्षकाला किंवा मुलाला कमी दिसतं त्याच्यासाठी हे वाक्य रिकामं आहे. ज्याला कमी ऐकू येतं तो फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या साधनव्यक्तीचे ओठ वाचू शकत नाही. “एककातल्या बारातून दहा घेतले, एक दशक हातचा” असं पूर्ण बोललं की त्या मुलाचं भागतं आणि उरलेल्या तीस जणांनाही ते स्पष्ट होतं. तुमचा नेमकेपणाचा आग्रह इथे वापरा. इथे मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

वरून कुणी हरकत घेतली तर? “प्रशिक्षणात मालवणी कशाला” असं विचारणारे अधिकारी असतात. त्यांना शांतपणे सांगा की २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९वं कलम शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं म्हणतं, आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार करतं. वाद घालू नका, कागद पुढे करा. सरकारी खात्यात कागदाला कागदच उत्तर देतो.

आता बाई.

व्हॉट्सॲपच्या केंद्रगटावर दिलगिरीचा संदेश टाकू नका. त्याने प्रसंग पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होईल आणि खाली तीसेक हात जोडलेले येतील. पुढच्या परिषदेत सगळ्यांदेखत माफी मागायचा विचार असेल तर तोही आवरा; त्यात बाईंना पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, या वेळी मोठं मन दाखवायला. त्यांच्या शाळेत जा. आधी कळवून जा, तपासणीला आलात असं वाटता कामा नये. भागाकाराचा पाठ बघू द्याल का विचारा आणि वर्गात मागे मुलांमध्ये बसा. वही काढू नका. पाठ झाल्यावर गणित बोला: वाट्यांचं उदाहरण कसं सुचलं, मुलं पाचाचे वाटे घालताना कुठे अडतात, सहाचे घातले तर काय म्हणतात. “त्या दिवशी मी मध्ये पडलो, तुमचं उदाहरण बरोबर होतं” हे वाक्य या बोलण्यात कुठेतरी येऊ द्या. त्या विषय बदलतील. बदलू द्या.

मग त्यांना विचारा की पुढच्या परिषदेत अपूर्णांकाने भागण्याचं सत्र त्या तुमच्याबरोबर घेतील का. तुम्ही लाडू घ्या, त्या बांगडे घेतील, आणि ‘तीन भागिले अर्धा’पाशी कुणाचं अडतं ते शिक्षकांना बघू द्या. नाही म्हणाल्या तर एकदाच विचारून थांबा. त्यांना निवृत्तीला किती वर्षं राहिली आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ज्येष्ठ म्हणता म्हणजे फार नसावीत. त्यांनी तेवढ्या वर्षांत काय बोलायचं आणि काय नाही, हे त्यांचं त्या ठरवतील.

आणि ज्याने नक्कल केली, त्यालाही एकदा बाजूला घ्या. पत्रात तुम्ही त्याला एका वाक्यात सोडून दिलंत. सत्र तुमचं होतं, तो हशा थांबवणंही तुमच्याच हातात होतं.

तुमची,
ताई